दातांना तारा बसवण्यापूर्वी

वाकडे दात तारेच्या जोराने सरळ होतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते काम जबड्याचे हाड करते आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो. हा उपचार केव्हा सुरू करावा, त्या काळात काय घडते, त्यातून काय साध्य होते आणि काय होत नाही, याची ही ओळख.

शाळांना सुट्टी लागली की दंतचिकित्सकांच्या दवाखान्यांत एक दृश्य हमखास दिसते. दहा-बारा वर्षांचे मूल खुर्चीवर आडवे झालेले असते आणि शेजारी उभ्या असलेल्या पालकांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. तारा लावल्याच पाहिजेत का? किती महिने ठेवाव्या लागतील? खर्च किती येईल? मुलाच्या मनात मात्र चौथाच प्रश्न असतो, तो म्हणजे वर्गातील मुले हसतील का. चारही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे नीट न मिळाल्यामुळेच अनेक उपचार अर्ध्यावर सुटतात, किंवा पूर्ण होऊनही दोन-चार वर्षांत वाया जातात.

दातांची ठेवण सुधारण्याची इच्छा जुनीच आहे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूच्या पट्टीला दोऱ्याने दात बांधून ते ओळीत आणण्याची पद्धत दिली आहे. या विद्येला शास्त्राचे रूप दिले ते एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने. वरच्या आणि खालच्या जबड्यांतील पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, यावरून त्यांनी १८९९ मध्ये दंतवक्रतेचे तीन वर्ग पाडले. सव्वाशे वर्षांनंतरही ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दंतवक्रतेवर उपचार करणारे तज्ज्ञ, रुग्णाच्या कागदावर पहिली नोंद याच वर्गीकरणानुसार करतात.

दात सरकतो कसा?

भिंतीत खिळा रुतावा तसा दात हाडात रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो. या तंतूंनीच दात तोलून धरलेला असतो, आणि म्हणूनच कडक सुपारी चावताना बसणारा दाब दातांना सोसतो. दातावर एका दिशेने हलका पण सततचा दाब राहिला की ज्या बाजूला तंतू दाबले जातात तेथील हाड शरीरातील विशिष्ट पेशी हळूहळू विरघळवतात. ज्या बाजूला तंतू ताणले जातात तेथे दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे हाड रचतात. पुढे वाट मोकळी होते, मागची पोकळी भरली जाते आणि दात आपल्या हाडासह नव्या जागी जातो.

या सगळ्याची गती साधारणपणे महिन्याला एक मिलिमीटर इतकीच असते. दाब वाढवला तर काम लवकर होईल, असे अनेकांना वाटते. पण घडते उलटेच. दाब जास्त झाला की तंतूंमधील रक्तप्रवाह खुंटतो, पेशींचे काम थांबते, दात अडून बसतो आणि दुखणे मात्र वाढते. त्यामुळे ‘दर आठवड्याला येतो, पण सहा महिन्यांत संपवा’ या विनंतीला प्रामाणिक तज्ज्ञ नकारच देतात.

कोणत्या वयात दाखवावे?

पडलेला दुधाचा दात कौलांवर फेकण्याची किंवा उंदराच्या बिळात टाकण्याची गंमत अनेक घरांत आजही चालते. त्या गमतीबरोबर एक गैरसमजही जपला जातो: दुधाचे दात पडणारच आहेत, मग किडले तर काय बिघडले? बिघडते ते असे. दुधाचा प्रत्येक दात खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवत असतो. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारच्या दाढा त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि कायमचा दात उगवतो तेव्हा त्याला जागाच उरत नाही. अशा वेळी जागा राखणारी एक साधी तार बसवून घेतली, तर पुढचा मोठा उपचार टळू शकतो किंवा सोपा होतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा येतात आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत तोंडात दुधाचे व कायमचे दात एकत्र नांदतात. दातांच्या ठेवणीची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास व्हावी, अशी शिफारस अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना करते. याचा अर्थ सातव्या वर्षी तारा लावाव्यात असा नाही. बहुतेक मुलांना त्या वयात ‘वर्षाने पुन्हा या’ एवढेच सांगितले जाते. मात्र काही दोष वाढीच्या वयातच पकडावे लागतात. वरचा जबडा अरुंद असेल, तर टाळूच्या मध्यावरील सांधा पक्का जुळण्यापूर्वी तो रुंदावता येतो. खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वयात येतानाच्या झपाट्याच्या वाढीचा उपयोग करून घेणारी, काढता-घालता येणारी उपकरणे देता येतात. मुलींमध्ये ही वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी होते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. वाढ थांबल्यानंतर जबड्यांतील मोठी तफावत केवळ तारांनी भरून निघत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखण्याची सवय सुटत नसेल, मूल झोपेत तोंडाने श्वास घेत असेल, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील, किंवा तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. तोंडाने श्वास घेण्यामागे नाकाचा किंवा घशातील ग्रंथींचा त्रास असू शकतो. अशा मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले जाते.

प्रौढांनाही हा उपचार घेता येतो. हाडाची पुनर्रचना करणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करीत असतात. हिरड्या आणि हाड निरोगी असले की चाळिशी-पन्नाशीतही दात हलवता येतात. वेळ कदाचित थोडा अधिक लागतो.

पहिल्या भेटीत काय होते?

पहिल्याच दिवशी तारा लागत नाहीत. आधी दोन प्रकारचे एक्स-रे काढले जातात. एकात सगळे दात, त्यांची मुळे आणि अजून बाहेर न आलेले दात एका पट्टीत दिसतात. दुसऱ्यात चेहरा बाजूने दिसतो आणि त्यावरून दोन्ही जबड्यांचे परस्परनाते मोजले जाते. दातांचे साचे घेतले जातात किंवा तोंडातच फिरवायच्या स्कॅनरने त्रिमितीय प्रतिमा घेतली जाते. चेहऱ्याची व दातांची छायाचित्रे काढली जातात. किडलेले दात भरणे, दातांची स्वच्छता करणे आणि हिरड्यांची सूज असल्यास ती बरी करणे ही कामे तारा लावण्यापूर्वी उरकावी लागतात.

याच टप्प्यावर कुटुंबाला धक्का देणारे एक वाक्य कधीकधी कानावर येते: चार दात काढावे लागतील. किडीचा मागमूस नसलेले दात काढायचे, ही कल्पनाच पालकांना पटत नाही. हा वाद या शास्त्राइतकाच जुना आहे. खुद्द अँगल दात काढण्याच्या कट्टर विरोधात होते. त्यांचेच अनुयायी चार्ल्स ट्वीड यांना मात्र दात न काढता उपचार केलेल्या अनेक रुग्णांचे निकाल टिकत नसल्याचे आढळले. अशा रुग्णांवर त्यांनी उपदाढा काढून नव्याने उपचार केले आणि १९४० च्या सुमारास ते निकाल आपल्या व्यवसायबंधूंसमोर ठेवले. आज कोणताही एक नियम सरसकट लावला जात नाही. जबड्यात जागा किती कमी आहे, ओठ किती पुढे आहेत आणि चेहऱ्याची ठेवण कशी आहे, हे पाहून निर्णय होतो. दात काढण्याचा सल्ला मिळाल्यास ‘न काढता केले तर काय होईल?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात काहीच वावगे नाही.

तारा बसल्यानंतरचे दिवस

पूर्वी प्रत्येक दाताला धातूचे कडे बसवत. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये सौम्य आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर राळ घट्ट चिकटवण्याची पद्धत दाखवली आणि पुढे कड्यांची जागा चिकटवलेल्या छोट्या ब्रॅकेटनी घेतली. ब्रॅकेट बसवताना इंजेक्शन नसते की दुखणेही नसते. तास-दीड तासात सगळे ब्रॅकेट चिकटवून त्यांच्या खाचांतून तार ओवली जाते. सुरुवातीची तार बहुधा निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. कितीही वाकवली तरी मूळ आकारात परतू पाहणे हा तिचा गुण, आणि त्या परतण्यातूनच दातांवर हलका दाब राहतो. पुढे क्रमाने जाड व ताठ तारा येतात.

दुखणे सुरू होते ते घरी गेल्यावर, काही तासांनी. पहिले एक-दोन दिवस चावताना दात ठणकतात. आठवड्याच्या आत ते ओसरते. या काळात मऊ भात, पेज, खिचडी यांवर भागवावे आणि गरज भासल्यास डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घ्यावी. ओठांच्या व गालांच्या आतल्या बाजूला ब्रॅकेट घासून छाले येतात. त्यासाठी दवाखान्यात मेण मिळते. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर त्याची चिमूटभर गोळी दाबून लावावी. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनीही आराम पडतो. एक-दोन आठवड्यांत तोंडाला सवय होते.

यानंतर दर चार ते आठ आठवड्यांनी भेट असते. बहुतेक उपचार दीड ते दोन वर्षांत पूर्ण होतात, गुंतागुंतीचे त्याहून लांबतात. वरचे व खालचे दात एकमेकांशी जुळवण्यासाठी मधल्या टप्प्यावर छोटे रबर दिले जातात. ते रोज स्वतःच लावायचे आणि बदलायचे असतात. रुग्णाच्या हाती असलेला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आणि सर्वाधिक हयगय होते तीही इथेच. आठवड्यातून तीन दिवस लावलेल्या रबरांनी काहीच साधत नाही, आणि लांबलेल्या उपचाराचा दोष मात्र डॉक्टरांवर येतो.

खाणे आणि स्वच्छता

तारांच्या काळात आवडीचे पदार्थ कायमचे सुटत नाहीत. खाण्याची रीत तेवढी बदलावी लागते. जत्रेतील खाजे, चिक्की, कडक लाडू, भाजलेले चणे, ऊस, कणसाचे दाणे दातांनी सोलणे आणि बर्फ चावणे यांमुळे ब्रॅकेट निघतात. प्रत्येक निघालेला ब्रॅकेट उपचार काही आठवड्यांनी लांबवतो. पेरू, सफरचंद, गाजर बारीक चिरून खावे. पोईचा कडक भाग रस्सा किंवा चहात भिजवून घ्यावा. चिकट टॉफी आणि च्युइंगगम टाळावे. हळदीच्या आमटी-हुमणाने ब्रॅकेटवरील पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या पडतात. त्याचे भय बाळगू नये. पुढच्या भेटीत त्या बदलल्या जातात. रंगाची चिंता असलेल्यांनी राखाडी किंवा गडद रंगाच्या कड्या मागाव्यात.

खरी चिंता साखरेची आणि अडकलेल्या अन्नाची. ब्रॅकेटभोवती साचलेल्या थरामुळे दातावर खडूसारखे पांढरे डाग पडू शकतात. दुर्लक्ष झाल्यास त्यांना महिनाभराचा काळही पुरतो. तारा निघाल्यावर दात सरळ, पण प्रत्येकावर चौकोनी डाग, अशी अवस्था झालेली मुले दुर्मीळ नाहीत. प्रत्येक जेवणानंतर ब्रश, रोज फ्लोराइडयुक्त पेस्ट, तारेखालून फिरवण्याचा बारीक ब्रश आणि शीतपेयांना आळा, हा यावरचा उपाय. ब्रश करण्यास रोज काही मिनिटे जास्त द्यावी लागतात, हे गृहीत धरूनच उपचार स्वीकारावा.

पारदर्शक साचे

अलीकडे तरुणांचा ओढा अलायनरकडे, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक साच्यांकडे आहे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील एका कंपनीने संगणकाच्या साहाय्याने साच्यांची मालिका तयार करण्याची पद्धत रूढ केली. दर एक-दोन आठवड्यांनी नवा साचा घालायचा आणि तो दिवसातील वीस ते बावीस तास तोंडात ठेवायचा. ते चटकन दिसत नाहीत, जेवताना काढता येतात, दात घासणे सोपे राहते. सौम्य व मध्यम दोषांत त्यांचा चांगला उपयोग होतो. दाताला बरेच फिरवायचे किंवा वर-खाली हलवायचे असेल, तर तारा अधिक खात्रीच्या ठरतात. काढता येणे हा जसा अलायनरचा गुण, तसाच दोषही. खिशात राहिलेला साचा दात हलवत नाही.

डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट टाळून घरबसल्या साचे मागवण्याच्या जाहिरातींपासून मात्र सावध राहावे. अशी सेवा देणारी अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि तिच्या असंख्य ग्राहकांचे उपचार अधांतरी राहिले. हिरड्यांचा आजार, लपलेली कीड किंवा हाडातच अडकलेला दात हे मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात दिसत नाहीत. एक्स-रे न पाहता दात हलवणे म्हणजे पाया न तपासता भिंत सरकवणे होय.

काय मिळते, काय मिळत नाही

या उपचाराचे लाभ खरे आहेत. त्यांना अतिशयोक्तीची गरज नाही. दातांची गर्दी मोकळी झाली की ब्रश सगळीकडे पोहोचतो. वरचे दात फार पुढे असलेल्या मुलांमध्ये खेळताना पडून पुढचे दात तुटण्याचा धोका अधिक असतो. ते मागे घेतल्याने तो कमी होतो. टाळूला लागणारे खालचे दात किंवा उलटा चावा यांमुळे होणारी हिरड्यांची इजा आणि दातांची झीज थांबते. हाडात अडकलेला सुळा ओढून ओळीत आणता येतो. तसाच राहिल्यास तो शेजारच्या दातांची मुळे खाऊ शकतो. समोरचे दात एकमेकांना टेकतच नसतील, तर पावाचा घासही नीट तोडता येत नाही. ही अडचण दूर होते. काहींच्या उच्चारांतही सुधारणा होते.

आणि हसणे. ‘फावड्या दातांची’ या टोपणनावाने ज्या मुलीला वर्षानुवर्षे हिणवले गेले, तिच्यासाठी हात तोंडावर न नेता हसता येणे हा काही क्षुल्लक लाभ नव्हे. मात्र दातांची ठेवण किंचित वेगळी असणे हा आजार नाही. मुलाला स्वतःला त्याचे काही वाटत नसेल, चावणे व स्वच्छता नीट होत असेल, तर केवळ शेजारच्या मुलाने लावल्या म्हणून तारा लावण्याचे कारण नाही.

तारा लावल्याने कीड कायमची टळते किंवा डोकेदुखी हमखास बरी होते, अशा दाव्यांना पुरेसा आधार नाही. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावरचा तो खात्रीचा उपायही नाही. तोटेही माहीत असावेत: पांढरे डाग, हिरड्यांची सूज आणि काही रुग्णांत मुळांची टोके थोडी आखूड होणे. हे आखूड होणे बहुतेकदा इतके अल्प असते की दाताच्या आयुष्यावर परिणाम होत नाही; तरीही अधूनमधून एक्स-रे काढून त्यावर लक्ष ठेवले जाते.

तारा निघाल्या, पण उपचार संपला नाही

तारा काढण्याचा दिवस घरात सणासारखा असतो आणि नेमकी त्याच दिवसापासून सर्वांत मोठी चूक सुरू होते. नव्या जागेभोवतीचे हाड काही महिन्यांत पक्के होते, पण हिरड्यांतील ताणले गेलेले तंतू पूर्ववत व्हायला वर्षभराचा अवधी लागतो. तोवर ते दाताला जुन्या जागी खेचत राहतात. म्हणून रिटेनर दिला जातो: दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, किंवा काढता-घालता येणारा साचा. साचा सुरुवातीचे काही महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर रात्री वापरायचा असतो. किती वर्षे? दात सरळ राहावेत असे वाटते तितकी वर्षे, हेच याचे खरे उत्तर. वयाबरोबर खालचे पुढचे दात दाटीने येण्याची प्रवृत्ती कधीही तारा न लावलेल्या माणसांतही दिसते. त्याचे खापर अक्कलदाढांवर फोडले जाते. अभ्यासांतून मात्र त्या आरोपाला पुष्टी मिळालेली नाही.

खर्च आणि तज्ज्ञाची निवड

धातूच्या तारा सर्वांत स्वस्त, दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेट त्याहून महाग आणि अलायनर बहुधा सर्वांत महाग असतात. ठरलेल्या रकमेत एक्स-रे, दात काढणे, निघालेल्या ब्रॅकेट पुन्हा बसवणे आणि रिटेनर धरले आहेत का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी हप्त्यांची सोय असते. बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालयात, तसेच बेळगावच्या दंत महाविद्यालयांत या विषयाचे विभाग आहेत. अशा शैक्षणिक रुग्णालयांत पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तेथे खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, मात्र रांगेत थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

दंतशास्त्राची पदवी घेतल्यानंतर याच विषयात तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेली व्यक्ती म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. उपचार करणाऱ्याची ही पात्रता आणि राज्य दंत परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच नसावा. दोन वर्षे ज्यांच्याकडे जायचे, त्यांच्याशी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. शिक्षण किंवा नोकरीसाठी लवकरच गाव सोडायचे असेल, तर तेही तेव्हाच सांगावे. अर्धवट उपचार दुसऱ्या गावी दुसऱ्या हातांत सोपवणे शक्य असले तरी त्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाढतात.

आणि मुलाच्या त्या चौथ्या प्रश्नाचे काय? वर्गातील मुले पहिले दोन दिवस हसतील. नंतर बहुधा त्यांच्यापैकीच कुणीतरी शेजारी येऊन हळूच विचारील, ‘दुखते का रे?’ त्याला खरे उत्तर द्यावे: दोन दिवस दुखते, मग सवय होते, पण रात्री ब्रश केल्याशिवाय झोपता येत नाही.